माळ्यावरची उदमांजरं

९ जानेवारी

ताईच्या डोक्यात एखादं खूळ शिरलं की बाकीच्यांनी फक्त हो म्हणायचं असतं. आज सकाळी मी दात घासत होते तेव्हाच बेल वाजली. दारात ताई, हातात दुधाची पिशवी आणि काखेत सुताराची मोजपट्टी. दुकानाच्या वरचा माळा रिकामा करतेय म्हणाली. तिथे कॉफीचं दुकान काढायचं, पण साधं नाही, प्राण्यांचं. लोक येणार, कॉफी पिणार आणि प्राण्यांमध्ये बसणार. मैत्रिणीकडे गेली होती तेव्हा तिच्या शहरात असं एक पाहिलं म्हणे, बाहेर रांग होती.

मी म्हटलं, घरात पाल निघाली तर तू भाऊजींना दुकान बंद करून बोलावून घेतेस. त्यावर तिचं उत्तर तयार होतं. ती आणि भाऊजी खाली ड्रायक्लीनिंग सांभाळतील, वरचं सगळं मी बघायचं. मला जमणार नाही, हे मी जमेल तितक्या तऱ्हांनी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडक्या उघडल्या, सिंकमधली भांडी घासली, आणि सुतार उद्यापासून येतोय असं सांगितलं.

नवरा गेल्याला दोन वर्षं होत आली. तेव्हापासून मी नोकरी सोडलीय, भाजी आणण्यापलीकडे बाहेर पडत नाही. ताईला एवढंच दिसतं की मी रिकामी बसलेय, म्हणजे फुकटात एक माणूस हाताशी. धंद्याचं डोकं आहे तिचं, पहिल्यापासून. जाताना दारात थांबून म्हणाली, "परवा तू जिन्यातल्या मांजरीशी बोलत होतीस. मी ऐकलं."

त्याचा इथे काय संबंध, मला कळलं नाही.

३ फेब्रुवारी

आज उदमांजरं आली. तीन.

पिंजरेवाला छोट्या टेम्पोतून घेऊन आला. ताडपत्री काढली तर आत पिंजऱ्यांवर पिंजरे. वरच्या रांगेत कसले कसले पक्षी, मध्ये आमची, खाली ससे आणि आणखी काहीतरी, जे अंधारात नुसतं श्वास घेत होतं. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. मी म्हटलं, अहो, हे काय? तो म्हणाला, प्रवासात एवढं चालायचंच, धुतलं की झालं. तिन्ही पिंजऱ्यातच जन्मलीत, माणसाळलेली आहेत, कुणाला चावायची नाहीत, असं त्याने न विचारता दोनदा सांगितलं.

मोठीच्या पुढच्या पायावर केस गेलेलं एक गोल वळं आहे, तार आवळल्यासारखं. विचारलं तर म्हणाला, दारात अडकला होता पाय. असेल. मी जास्त खोलात गेले नाही, कारण तोवर तिने माझ्याकडे पाहिलं होतं. डोळ्यांभोवती काळं, कुणीतरी घाईत काजळ घातल्यासारखं. तिचं नाव काजळी ठेवलं. नर आहे तो पिंजऱ्यातून बाहेर काढल्याबरोबर माझ्या हातावर आडवा झाला आणि झोपला, तो ढेपाळ्या. तिसरी अगदी लहान, आईवेगळी दिसते. ती पोरटी.

वास मात्र आहे. ओल्या गोणपाटावर कुणीतरी अत्तर सांडलं तर येईल तसा. ताई जिन्याच्या वरच्या पायऱ्यांपर्यंत आली, नाकाला रुमाल लावून तिने लांबूनच तिघांना न्याहाळलं. मग म्हणाली, "उंदराला कुणीतरी शेपूट जास्त दिलंय."

मी कामाला लागले. रात्री घरी आले तेव्हा लक्षात आलं की दुपारी जेवायचं राहून गेलं आणि ते आठवलंही नाही.

२१ फेब्रुवारी

चाललंय. खरंच चाललंय. कॉलेजची मुलं येतात, फोटो काढतात. एक निवृत्त मास्तर रोज येतात, खिडकीजवळ बसतात, काजळीला केळं भरवतात आणि पेपर वाचतात. खालून इस्त्रीची वाफ वर येते त्यामुळे माळा उबदार असतो. प्राण्यांना ते आवडतं.

आज गंमत झाली. एक बाई कॉफी पिऊन उठल्या, पर्स खांद्याला लावली, जिना उतरल्या आणि खाली दुकानात धुवायला टाकलेला कोट न्यायला उभ्या राहिल्या. पर्समध्ये ढेपाळ्या झोपलेला. भाऊजींनी काउंटरवर पावती मागितली, तर पर्समधून शेपूट. भाऊजी बिचारे दोन पावलं मागे सरकले आणि हँगरच्या दांडीला अडकून कपड्यांसकट खाली बसले. मी वरून पाहिलं आणि हसत सुटले. पोटात दुखेपर्यंत.

ताई मागच्या खोलीतून धावत आली. काय झालं, काय झालं. मी सांगायचा प्रयत्न करत होते पण शब्दच फुटत नव्हते. तिने भाऊजींकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघत उभी राहिली, मग झटकन वळली आणि आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. कामाच्या वेळी दात काढलेले तिला खपत नाहीत.

५ मार्च

पोरटी शिंकतेय. परवापासून. नाक वाहतं, खाणं कमी झालंय. प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मान्य केलं की त्यांचा हात कुत्र्यामांजरांवर बसलेला आहे, उदमांजर ते पहिल्यांदाच तपासताहेत. छाती ऐकून म्हणाले, हवा बदलली की होते सर्दी. थेंब दिले, उबेत ठेवा म्हणाले.

माळ्यावर रात्री ऊब नसते, इस्त्री बंद होते. म्हणून तिला घरी आणलंय. माझ्या उशीजवळ, टॉवेलात. श्वास घेताना तिच्या छातीत बारीक आवाज येतो, कागद चुरगळावा तसा. आत्ता माझ्या हनुवटीखाली डोकं खुपसून पडलीय.

ताईला फोनवर सांगितलं तर ओरडली. जनावर अंथरुणात घेतं का कुणी? मी म्हटलं, तुला नाही कळायचं. जरा जास्तच तोडून बोलले. तिने फोन ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, खिडकी तरी उघडी ठेव.

११ मार्च

मधले दिवस गेले कुठे, कळलं नाही. सडकून ताप होता. अंग कुणीतरी बडवून काढल्यासारखं. खोकला कोरडा, थांबायचाच नाही. आज उठून बसलेय, म्हणून चार ओळी.

पहिल्याच संध्याकाळी ताई आली ती बॅग घेऊनच. मला उठवून चादरी बदलल्या, पेज भरवली, रात्री माझ्या पलंगाशेजारी खुर्चीत बसून राहिली. खोकल्याची उबळ आली की मला उठवून बसवायची आणि पाठ चोळायची. मी म्हटलं, तुला लागण होईल. तर म्हणाली, दुकानात दुनियेचे मळके कपडे हाताळते मी, मला काय होतंय.

पोरटीसाठी मी रडारड केली म्हणे. मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की ताई म्हणाली, बरं, मी नेते माझ्याकडे, बाल्कनीत ठेवते, तू गप्प पड. आणि पिंजरा हात लांब करून उचलला, गरम पातेलं धरतात तसा. तोंड एका बाजूला फिरवून जिना उतरली.

गेल्या महिन्यापासून माझ्यावर तिचं एवढं लक्ष का, याचा विचार करतेय. माळ्यावर दुसरं कुणी मिळत नसणार.

१४ मार्च

अशक्तपणा आहे, पण ताप नाही. माळा बंद आहे, भाऊजी ताईच्या हुकुमावरून तोंडाला फडकं बांधून वर जातात आणि काजळीला, ढेपाळ्याला खायला घालून येतात. दोघंही सुस्त आहेत, शिंकतात अधूनमधून.

पोरटीची चौकशी केली. ताई म्हणाली, बरी आहे, आज अर्धं केळं खाल्लं. फोटो पाठव म्हटलं तर तिच्या फोनचा कॅमेरा बिघडलाय. मी येते बघायला म्हटलं तर म्हणाली, अजिबात नाही, जिने चढायची ताकद आहे का तुझ्यात? मग फोन तिच्या कानाशी धर, मी हाक मारते, म्हटलं. ताई म्हणाली, आत्ता झोपलीय.

मला थोडं लागलं. माझ्याशिवाय तिचं बरं चाललंय आणि ताईलाही लळा लागलेला दिसतोय. लागू दे. ताईचा आवाज बसलाय. विचारलं तर वाफेने होतं म्हणाली.

१८ मार्च

दुपारी भाऊजींचा फोन. ताईला दवाखान्यात आणलंय, धाप लागलीय.

मी पोहोचले तेव्हा तिला खाटेवर अर्धवट बसवलेलं होतं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ओठ निळसर. केस विस्कटलेले, आणि ताईचे केस विस्कटलेले मी जन्मात पाहिलेले नाहीत. एक सिस्टर शेजारी उभी राहून तिला वाफेचं औषध देत होती, गोल चेहऱ्याची, सारखं "छान, छान, असंच" म्हणणारी.

छातीच्या डॉक्टरीणबाई आल्या. शांत बाई आहेत. एकेक विचारत गेल्या. कुठे प्रवास? कुणी आजारी? ताईने माझ्याकडे बोट केलं, हिला सर्दीताप होता. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात, कामाच्या जागी प्राणी? पक्षी? जंगली काही?

मी तोंड उघडलं. त्याआधी ताईने मास्क बाजूला केला.

"नाही. मला आवडतच नाहीत जनावरं."

आणि माझ्याकडे पाहिलं. लहानपणी काचेचं भांडं माझ्या हातून फुटायचं आणि आई विचारायला यायची, तेव्हा ताई बघायची तसं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी तिच्यापाशी वाकले. ती मास्कमधूनच म्हणाली, "तू एक अक्षर बोलायचं नाहीस. माझी शपथ आहे." एवढं बोलायला तिला मध्ये दोनदा थांबावं लागलं.

कारण मला कळलंय. आमचा परवाना फक्त कॉफीचा आहे. जंगली प्राणी ठेवल्याचं बाहेर आलं तर दुकानालाही टाळं लागेल. मरणाच्या दारात पडलीय आणि हिला दुकान सुचतंय. राग आला मला. आणि तरी मी गप्प राहिले. ताईची शपथ म्हणून. शिवाय खरं सांगायचं तर मलाही दिसत होतं, सांगितलं की ते लोक पहिल्यांदा माळ्यावर जाणार. काजळीला नेणार, ढेपाळ्याला नेणार, पोरटीला नेणार.

आणि साधा न्यूमोनिया असेल. असतोच लोकांना.

२० मार्च

काल दिवसभर वॉर्डबाहेरच्या बाकावर. माहीत असलेल्या सगळ्या तापांच्या तपासण्या झाल्या, एकही जुळत नाही. औषधं बदलून पाहिली. ताईचा ऑक्सिजन वाढवतच चाललेत. डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, आम्ही अंधारात चाचपडतोय, काही आठवलं तर सांगा. मी म्हटलं, हो.

आज सकाळी वाफ द्यायला दुसरीच सिस्टर. मी सहज विचारलं, त्या कालच्या कुठे आहेत? ती म्हणाली, रजेवर, पहाटेपासून ताप आहे तिला. लहान मूल आहे हो घरी, अंगावर पितं.

मी बाहेर आले. भाऊजी बाकावर बसले होते, हातात ताईची चप्पल. कालपासून ती चप्पल त्यांच्या हातातच आहे. मी त्यांना म्हटलं, भाऊजी, पोरटी कशी आहे?

त्यांनी चप्पल उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "ती नाहीये गं. तुझा ताप उतरायच्या आधीच गेली."

हळूहळू सगळं सांगितलं. बाल्कनीत नेल्यावर पोरटीला श्वास घेता येईना. ताईने त्यांना बाल्कनीच्या दाराशीही येऊ दिलं नाही, तुम्हाला दम्याचा त्रास आहे म्हणाली, आणि आतून कडी लावली. काचेतून ते बघत होते. ताई फरशीवर मांडी घालून बसली होती, पोरटी तिच्या मांडीवर टॉवेलात. कापसाच्या बोळ्याने तिचं नाक पुसत होती, तोंडात पाणी सोडत होती. पालीला घाबरणारी ताई. रात्रभर तशीच. सकाळी ते जनावर गेलं. मग ताईनेच दुकानामागच्या अंगणात खड्डा केला, पुरलं, हात धुतले, आणि मी फोनवर विचारलं तेव्हा सांगितलं की अर्धं केळं खाल्लं.

"तुला सांगू नको म्हणाली. पुन्हा अंधारात बसशील म्हणून."

भाऊजी रडत नव्हते. चप्पल मांडीवर सरळ करत होते, उगाचच.

मी डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. पिंजरेवाला, टेम्पो, शिंका, माझं अंथरूण, बाल्कनी, सगळं. शपथेचा विचार आला नाही असं नाही. आला, आणि त्या सिस्टरचं दूधपितं मूलही आलं.

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फक्त विचारलं, "माळ्यावर रोज किती माणसं यायची?" आणि मी उत्तर देईपर्यंत त्यांनी फोन उचललाही होता.

२१ मार्च

मला घरातच कोंडून ठेवलंय. दारावर कागद चिकटवलाय. भाऊजींना त्यांच्या घरी, तसंच.

माझं रक्त, नाकातला, घशातला नमुना घेऊन गेले. अंगभर पांढरे पोशाख, चेहरेही दिसत नाहीत. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू दाराच्या फटीतून बघत होत्या, त्यांनी दार लावून घेतलं. आतून काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला.

दुकानामागचं अंगण खणलं. भाऊजींना खिडकीतून दिसलं म्हणे. ज्या टॉवेलात ताईने पोरटीला गुंडाळलं होतं तो तिचा स्वतःचा होता, तिच्या लग्नात मिळालेल्यांपैकी. आमच्याकडे पाहुण्यांनाही तो मिळत नाही.

काजळीला आणि ढेपाळ्याला घेऊन गेले. मी फोनवर आरोग्य खात्याच्या बाईंना सांगत राहिले, ढेपाळ्याला आवाज सहन होत नाही, काजळीला आधी हात हुंगू द्या. त्या "हो, हो" म्हणत होत्या. बऱ्या आहेत त्या. खोटं बोलायला त्यांना जड जातंय हे कळत होतं.

२५ मार्च

निकाल आला. आरोग्य खात्याच्या बाईंनी स्वतः फोन केला.

विषाणू कोरोनाच्या घराण्यातलाच, पण ओळखीचा नाही. याचे जवळचे नातेवाईक वटवाघळांत सापडतात म्हणे. तिथून उदमांजरांत कसा आला, रानातच की पिंजऱ्यांच्या त्या उतरंडीत, हे अजून सांगता येत नाही. तोच पोरटीत, काजळीत, ढेपाळ्यात, ताईत आणि सिस्टरमध्ये. माझ्या रक्तात तो येऊन गेल्याच्या खुणा आहेत. माझ्या अंगातून तो निघून गेला. ताईच्या नाही. असं का, हे त्यांनाही सांगता येत नाही.

भाऊजींना काही नाही. त्या बाल्कनीच्या कडीने वाचवलं.

मी विचारलं, काजळी? त्या म्हणाल्या, काल. झोपेचं इंजेक्शन आधी दिलं होतं, कळलं नाही दोघांनाही. मग म्हणाल्या, तिच्या पायावरची ती खूण फासाची होती, रानात लावतात त्या तारेची. पिंजऱ्यात जन्मलेली नव्हती ती.

मी म्हटलं, मला दिसलं होतं.

 मग विचारलं, म्हणजे या जनावरांपासून लांबच राहायला हवं होतं का? त्या म्हणाल्या, "ती लांबच होती. रानात आपापल्या दुखण्यांसकट जगत होती. आपण त्यांना उचलून आणलं, एकावर एक रचलं आणि मग त्यांच्याबरोबर कॉफी प्यायला बसलो."

मास्तरांना ताप येऊन गेला, ते सावरताहेत. कॉलेजची मुलं सुटली, बहुधा. सिस्टरला ऑक्सिजनवर ठेवलंय. तिचं मूल तिच्या आईकडे आहे, बाटलीने पीत नाही, रात्रभर रडतं. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, पण मी विचारलं म्हणून सांगितलं. मी दोन दिवस गप्प बसले नसते तर काय झालं असतं, हेही विचारलं. त्यांनी सांगितलं की तिला लागण पहिल्याच दिवशी झाली असणार, ताई आली त्या दुपारी. वाफ देताना. ताईने ते "नाही" म्हटलं त्याच्या आधी की नंतर, ते मी विचारलं नाही. मला आठवतंय. वाफ चालूच होती.

जेवण दाराबाहेर ठेवून जातात. आज उचललं नाही.

२७ मार्च

भाऊजींशी फोनवर. मी शेवटी विचारलं, हे सगळं कशाला काढलं होतं तिने? दुकान चांगलं चालत होतं तुमचं.

ते म्हणाले, "तू दोन वर्षांत एकदाच बोलताना दिसलीस, ती त्या मांजरीशी. त्या रात्री ती झोपली नाही. माळा कुणाला तरी भाड्याने द्यायचा ठरलं होतं आमचं. सकाळी उठून मोजपट्टी शोधायला लागली."

आणि म्हणाले, मी कपड्यांसकट पडलो त्या दिवशी ती मागच्या खोलीत बसून रडत होती, हसत होती आणि रडत होती. ती हसली, ती हसली, एवढंच म्हणत होती.

मी फोन ठेवला. भिंतीकडे तोंड करून बसले. 

३० मार्च

डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. ताईला आता नळी घालावी लागणार, श्वास यंत्रावर. त्याआधी कुणीतरी घरचं तिला भेटावं असं त्यांना वाटत होतं. भाऊजींना आत सोडता येत नाही. मला एकदा होऊन गेलंय, माझ्या रक्ताने ते सिद्ध केलंय, म्हणून मला परवानगी. पण पोशाख पूर्ण.

दोन जणींनी मिळून मला तो चढवला. पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, नाकातोंडावर घट्ट मास्क, त्यावर चष्मा, त्यावर पारदर्शक पडदा. आरशात मीच मला सापडले नाही. आत माझाच श्वास मला ऐकू येत होता.

ताई केवढीशी झाली होती. डोळे उघडे पण कुठेतरी भलतीकडे. मी शेजारी बसले, तिचा हात धरला. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"सिस्टर," ती म्हणाली.

मी सांगणार होते. मास्कच्या आत माझं तोंड उघडलेलं होतं. पण ती घाईत होती, श्वास पुरवून पुरवून बोलत होती, तिला मध्ये तोडवेना.

"सिस्टर, एक काम कराल? माझी बहीण येते बाहेर. बारीकशी. तिला... जनावराचं कळू देऊ नका. काही करून. आत्ता कुठे हसायला लागलीय ती. तिच्या मनात आलं ना, की तिच्यामुळे... तर संपलं."

मी मान हलवली. झग्यात ती दिसली की नाही कोण जाणे.

"तिला सांगा, कपड्यांतून आलं. दुकानात लोकांचे कपडे येतात. आजाऱ्यांचे, कुणाकुणाचे. सांगाल?"

"सांगते," मी म्हटलं. मास्कमधून आवाज माझा वाटलाच नाही.

तिचे डोळे मिटत आले होते. मला वाटलं झोपली. मग ओठ हलले आणि चक्क थोडी हसली ती.

"तिला खरं वाटेल. मी सांगेन ते सगळं खरं वाटतं तिला, लहानपणापासून."

मी तिचा हात धरून बसले. दोन हातमोज्यांतून ऊबही नीट लागत नव्हती. चष्म्याच्या आत पाणी साचलं, पुसता येत नाही तिथे. मग यंत्र घेऊन ते लोक आले.

२ एप्रिल

पहाटे ताई गेली.

डॉक्टरीणबाईंनी आधी मला सांगितलं, भाऊजींना मी सांगावं म्हणून. सिस्टर वाचेल असं त्या म्हणाल्या, काल तिने धापा टाकत का होईना स्वतःच्या श्वासाने रात्र काढली.

भाऊजींची घरातली मुदत उद्या संपते. फोन त्यांनी पहिल्याच घंटीला उचलला. मी सांगितलं. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. बाहेर उजाडत होतं, समोरच्या काकू गॅलरीत येऊन माझ्या खिडकीकडे बघून आत गेल्या.

मग भाऊजींनी विचारलं, "तू गेली होतीस ना आत? ओळखलं तिने तुला?"

"हो," मी म्हटलं. "लगेच."

"काय म्हणाली?"

"तुमच्याबद्दलच बोलत होती सगळा वेळ," मी म्हटलं. "दम्याचं औषध वेळेवर घ्यायला सांगितलंय तुम्हाला. आणि म्हणाली, काही दुखत नाहीये."

भाऊजी रडायला लागले. मी ऐकत बसले, आणि त्यांना ते सगळं खरं वाटलं.